हवामानाचा प्रसंग

आमच्या धर्मग्रामातील तरुण मंडळींनी १९७९ च्या प्रायश्चित्तकाळात प्रभूच्या दुःखसहनाचे नाटक बसविण्याचे ठरविले, तेव्हा मी महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षात होतो. विषय इंग्रजी साहित्य. अंबरनाथच्या आमच्या चाळीत तेवढे भांडवल मला विद्वान ठरविण्यास पुरेसे होते. कोणाची तरी मावशी परदेशातून एक इंग्रजी पुस्तिका घेऊन आली होती. तिच्यात नाटकाची संहिता व दिग्दर्शकासाठी सूचना होत्या. त्या सर्वांचे मराठी करण्याचे काम मजकडे आले, आणि मी ते चार रात्रींत, कंदिलाशेजारी बसून (त्या वर्षी विजेचे काही खरे नव्हते) उरकून टाकले.

शेवटून दुसऱ्या प्रवेशाच्या आरंभी एक सूचना होती. 'क्लायमॅक्टिक' प्रवेशात रंगमंचावरील प्रकाश हळूहळू कमी करावा, अशा अर्थाची. तो शब्द मी 'क्लायमॅटिक' असा वाचला. इंग्रजीत दोहोंत फरक अवघ्या एका अक्षराचा, आणि घरच्या छोट्या शब्दकोशात पहिला शब्द नव्हताच. दुसरा होता : हवामानविषयक. मला शंका यावी असे काही घडलेही नाही, कारण पुढच्याच ओळींत दुपारी बारापासून तीनपर्यंत देशभर पडलेला अंधार होता, भूकंप होता, खडक फुटत होते. मत्तयच्या शुभवर्तमानातील तो वृत्तान्त आपणा सर्वांस ठाऊक आहे. हवामान बिघडल्याचे याहून मोठे उदाहरण कोणते? मी ठळक अक्षरांत लिहिले : 'कालवारीवरील हवामानाचा प्रसंग'. स्टेन्सिल कापून त्याच्या चाळीस प्रती निघाल्या.

पहिल्या तालमीला फादर स्वतः आले होते. वयस्कर होते, वसईकडचे, मितभाषी. प्रत चाळता चाळता ते एका पानावर थांबले, चष्मा काढला, डोळे पुसले, आणि मग त्यांना जे हसू लोटले ते थांबेचना. मला कारण कळेपर्यंत माझे कान तापले होते. पण त्यांनी चारचौघांत मला एक शब्दही लागट बोलला नाही. तालीम संपल्यावर शाळेच्या एका रिकाम्या वर्गात नेऊन बसविले व फळ्यावर खडूने एक शिडी काढली.

"हा तुझा शब्द," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी ऐकलेले पुढे मी पुस्तकांत पडताळून पाहिले. बहुतेक सारे तंतोतंत होते. ग्रीक भाषेत 'क्लिमाक्स' म्हणजे शिडी. याकोबाने स्वप्नात जी पृथ्वीपासून स्वर्गापर्यंत टेकलेली शिडी पाहिली, तिला उत्पत्तीच्या पुस्तकाच्या जुन्या ग्रीक भाषांतरात हाच शब्द आहे. सिनाय पर्वतावरील मठाचे सातव्या शतकातील मठाधिपती संत योहान यांनी आध्यात्मिक जीवनाच्या तीस पायऱ्यांवर ग्रंथ लिहिला, म्हणून त्यांचे नावच 'क्लिमाकस', म्हणजे शिडीवाले योहान, असे पडले. ३० मार्चला त्यांचा सण येतो. प्रभूने बाप्तिस्म्यापूर्वी अज्ञातवासात जी तीस वर्षे काढली, तितक्याच या पायऱ्या. त्याच मठात बाराव्या शतकातील एक चित्र आहे. त्यात संन्यासी शिडी चढत आहेत आणि काळे भुते त्यांना दोरांनी व आकड्यांनी खाली ओढीत आहेत. त्या चित्राची प्रतिकृती मी पाहिली तेव्हा मनात भरले ते असे की, घसरणारे सगळेच खालच्या पायऱ्यांवरचे नाहीत. काही जण वरून पडताना दिसतात.

शिडी हा शब्द पुढे वक्तृत्वशास्त्रात गेला. एका वाक्यांशाचा शेवटचा शब्द घ्यावा, त्याच्यावर पाय ठेवून पुढचा वाक्यांश उभारावा, पुन्हा त्याच्या शेवटावर तिसरा, अशा चढत्या रचनेला ग्रीक पंडित 'क्लिमाक्स' म्हणत. संत पौलाला ही रचना फार प्रिय. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात तो संकटातून धीर, धीरातून कसाला उतरलेले शील आणि शीलातून आशा अशी मालिका लावतो, ती याच जातीची. आपल्याकडे मराठी व्याकरणात 'सार' नावाचा अलंकार आहे, तोही या चढत्या क्रमाचाच. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, या मूळ अर्थी 'क्लायमॅक्स' म्हणजे शेवटची पायरी नव्हे, तर अख्खी शिडी. कालांतराने लोकांनी संपूर्ण शिडीचे नाव तिच्या टोकाला देऊन टाकले. भाषेत असे चालतेच, त्याबद्दल कुरकुर करण्यात अर्थ नाही. परंतु या एका हिसक्यात खालच्या पायऱ्या दिसेनाशा झाल्या, हे मात्र मला खटकत आले आहे.

'क्लायमॅक्टिक' हे त्याचे विशेषण, आणि त्याचा वापर नीट करायचा तर एवढे लक्षात ठेवावे की, जे केवळ शेवटी आले किंवा जे केवळ मोठ्याने वाजले ते 'क्लायमॅक्टिक' नव्हे. त्याच्याखाली चढत आलेले काही असले पाहिजे. जर्मन लेखक गुस्टाव्ह फ्रायटाग याने १८६३ साली नाट्यतंत्रावर पुस्तक लिहिले. त्यात पाच अंकी नाटकाची आकृती तो त्रिकोणासारखी काढतो आणि शिखर मधोमध, तिसऱ्या अंकात ठेवतो. शेक्सपिअरच्या 'ज्यूलियस सीझर'मध्ये सीझर तिसऱ्याच अंकात मरतो, पण नाटकाचे दोन अंक उरतात. चित्रपटगृहातून बाहेर पडताना आपण 'क्लायमॅक्स फसला' म्हणतो, तेव्हा आपल्या मनात फक्त शेवटची मारामारी असते. हल्ली इंग्रजी वृत्तपत्रे तर कोणत्याही अंतिम सामन्याला हे विशेषण डकवून मोकळी होतात.

मराठीत या विशेषणाला सरळ प्रतिशब्द नाही. 'उत्कर्षबिंदूचा', 'परमोच्च' असे काहीतरी जुळवावे लागते, आणि ते पाठ्यपुस्तकी वाटते. नामे मात्र आपल्याकडे एकाहून एक सरस आहेत. पराकाष्ठा घ्या. संस्कृतात काष्ठा म्हणजे शर्यतीच्या मैदानातील अंतिम खूण. तिच्यापलीकडे धावणे नाही. कळस तर मंदिराचाच. वारकरी संप्रदायाने आपल्या साऱ्या संतपरंपरेची कल्पना एका इमारतीसारखी केली आणि ज्ञानदेवांना पाया व तुकोबांना कळस मानले. पण गंमत अशी की, रोजच्या बोलण्यात आपण कळस चढवितो तो निर्लज्जपणावर, आळसावर, नाहीतर खोटेपणावर. चांगल्या गोष्टीचा कळस झाला असे म्हणणारा माणूस मला क्वचितच भेटला आहे.

मला सर्वांत आवडणारा शब्द आहे 'शीग'. उत्कंठा शिगेला पोहोचली, असे आपण लिहितो, आणि लिहिताना शीग म्हणजे काय हे विसरलेलो असतो. धान्याचे माप काठोकाठ भरल्यावर वर जो निमुळता ढीग उभा राहतो, तो शीग. माझी आई तांदूळ मोजताना माप कधी सपाट करीत नसे. शेजारीण उसने मागावयास आली की शिगोशीग भरून देई, आणि परत घेताना मात्र हाताने वरचा ढीग पाडून सपाट घेई. "आपल्याकडचं जास्त जायला हवं, त्यांच्याकडचं नको," हे तिचे अर्थशास्त्र. वडील विमकोच्या आगपेटी कारखान्यात कामगार, घरात पाच मुले. हे अर्थशास्त्र परवडण्याजोगे नव्हते, तरी चालले. लूकच्या शुभवर्तमानात दाबून, हालवून, शिगोशीग भरलेल्या मापाची गोष्ट वाचली जाई, तेव्हा आमच्या आईकडे चाळीतल्या दोन-तीन बायका मागे वळून बघत.

फादरांची ती संध्याकाळ अजून संपलेली नाही. फळ्यावरच्या शिडीशेजारी त्यांनी दुसरा शब्द लिहिला, माझ्या चुकीचा, आणि सांगितले की, तोही त्याच घराण्यातला आहे. ग्रीकमध्ये 'क्लिनो' म्हणजे टेकणे, कलणे. भिंतीला टेकून ठेवतात ती शिडी, 'क्लिमाक्स'. विषुववृत्तापासून ध्रुवाकडे पृथ्वी जशी कलत जाते तो उतार 'क्लिमा'. प्राचीन भूगोलवेत्ते वर्षातील सर्वांत मोठा दिवस किती तासांचा, यावरून पृथ्वीचे पट्टे पाडीत व त्या पट्ट्यांना तोच शब्द वापरीत. त्यावरून पुढे पट्ट्याचे हवामान आणि मग नुसते हवामान. "तेव्हा तू अगदीच परक्या घरात शिरला नाहीस," फादर म्हणाले, "चुलत घरी गेलास." या कुळातले आणखी एक माणूस मला पुढे शब्दकोशात भेटले. 'क्लिने' म्हणजे पाठ टेकण्याची जागा, बिछाना. आजाऱ्याच्या बिछान्याशी जाणारा वैद्य, त्यावरून 'क्लिनिक'.

चौथाही एक आहे, 'क्लायमॅक्टेरिक'. शिडीची एकेक पायरी, म्हणजे आयुष्यातील धोक्याचे वर्ष. सातांच्या पटीतली वर्षे घाताची मानीत आणि नऊ साते त्रेसष्ट हे सर्वांत मोठे. माझी त्रेसष्टी होऊन गेली, विशेष काही घडले नाही. फळांच्या शास्त्रात हाच शब्द आंबा व केळे यांना लावतात, कारण ही फळे झाडावरून उतरविल्यानंतर पिकतात. वसईच्या वाडीत केळीचा हिरवा लोंगर उतरवून पिकत घालणाऱ्या माझ्या आजोबांना हा शब्द ऐकवला असता, तर त्यांनी मला वेड्यात काढले असते.

नाटकाच्या त्या प्रवेशावरून तरुण मंडळींत मोठा वाद झाला होता. अंधार, पत्रा बडवून काढलेला गडगडाट, किंकाळ्या, आणि पडदा, असा सर्वांचा बेत होता. फादरांनी विरोध केला नाही. इतकेच म्हणाले की, योहानाच्या शुभवर्तमानात अंधारही नाही आणि भूकंपही नाही. तेथे प्रभू सर्व काही पुरे झाल्याचे सांगतो, मस्तक लववितो, आणि संपते. मग पुढे एक वाक्य बोलले, ज्याच्याकडे तेव्हा आमच्यापैकी कोणी फारसे लक्ष दिले नाही : "आणि पुनरुत्थानाचा क्षण तर चौघांपैकी एकानेही लिहिलेला नाही." खरेच आहे. स्त्रिया पहाटे कबरेपाशी येतात तेव्हा जे घडावयाचे ते होऊन गेलेले असते. मार्कच्या जुन्यात जुन्या हस्तलिखितांत तर शुभवर्तमान सोळाव्या अध्यायाच्या आठव्या ओवीशीच थांबते. स्त्रिया भयाने पळत सुटतात व कोणाला काही सांगत नाहीत. आमच्या मंडळींना हे पटले नाही. पत्रा बडवलाच, आणि प्रेक्षकांनी तो उचलून धरला.

हे सारे मी विनोदी किस्सा म्हणून अनेक वर्षे सांगत आलो. २००५ नंतर सांगणे बंद केले.

त्या वर्षी आई ८१ वर्षांची होती आणि जूनपासून अंथरुणाला खिळलेली. आजाऱ्यांचा तैलाभ्यंग संस्कार झाला होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते की दिवस थोडे आहेत. मी फोर्टमधील एका कचेरीत नोकरीस होतो. रजा जपून वापरीत होतो, कारण मला त्या एका वेळेसाठी ती राखून ठेवावयाची होती. आज लिहिताना लाज वाटते, परंतु तो प्रसंग मी मनात रंगवून ठेवला होता : सगळी भावंडे भोवती, हातात मेणबत्ती, जपमाळेचे शेवटचे दशक, आई प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवते, मला काहीतरी सांगते. नाटकाच्या दिग्दर्शकाने आखावा तसा.

मंगळवार, २६ जुलै. फोर्टात पाऊस नेहमीचाच होता. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला सुमारे ७४, हे नंतर वाचले. दुपारी लोकल बंद पडल्या, तेव्हाही आम्हाला वाटले की तासाभराची गोष्ट आहे. संध्याकाळी शेजाऱ्यांच्या फोनवर पत्नीशी बोलणे झाले. "आईंना जरा बरं आहे, तुम्ही घाई करू नका," ती म्हणाली. त्यानंतर फोन लागेना. ती रात्र कचेरीतील टेबलावर काढली. दुसऱ्या दिवशी कुठे बस, कुठे ट्रक, बहुतेक पायी असा ठाण्यापर्यंत आलो व एका शाळेच्या व्हरांड्यात झोपलो. गुरुवारी कल्याण गाठले. कल्याणात पाणी ओसरत होते, आणि जेथून ओसरले होते तेथे चिखल आणि भिजलेल्या गाद्यांचे ढीग. तेथून रुळांवरून चालत उल्हासनगरमार्गे घरी. सहा-सात किलोमीटरची ती वाट एरवी दहा-पंधरा मिनिटांची.

आई बुधवारी पहाटे गेली होती. वीज नाही, बर्फ नाही, फोन नाही, माझा ठावठिकाणा नाही. बुधवारी संध्याकाळी फादर गुडघाभर पाण्यातून आले, चाळीतल्या माणसांनी खांदा दिला आणि माती देऊन झाली. मी पोहोचलो तेव्हा पत्नी ओट्यावर बसून ओले तांदूळ सुपात पसरून वाळत घालीत होती. तिने मान वर केली, आणि तिला काही बोलावे लागले नाही.

एका हवामानाने माझा तो एक प्रसंग नेला. फादर तोवर निवर्तले होते. असते तर त्यांना हे कसे सांगितले असते कोण जाणे.

त्या आठवड्यात मी पत्नीला वेगवेगळ्या तऱ्हांनी एकच प्रश्न विचारीत राहिलो. शेवटी काय म्हणाली? माझे नाव घेतले का? तिने दोन-तीनदा टाळले, मग सांगितले. पहाटे चारच्या सुमारास आई जागी झाली. पावसाचा आवाज ऐकून तिने विचारले, "तांदळाचा डबा वर ठेवलास का?" पत्नीने होय म्हटले. तो ठेवलेला नव्हता, म्हणून ती उठून स्वयंपाकघरात गेली, डबा फळीवर चढविला, खालचा थोडा भिजला होता तेवढा सुपात काढला. परत आली तेव्हा आई गेली होती. "मीही नव्हते हो तिथं," पत्नी म्हणाली, "दहा पावलांवर होते, पण नव्हते." दोन दिवस हे ती एकटीच घेऊन बसली होती. मी साठ किलोमीटरवरून विचारीत होतो आणि ती दहा पावलांवरून.

आमच्या गावचे शिवमंदिर आपणांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल. वालधुनी नदीच्या काठी, शके ९८२ म्हणजे १०६० सालच्या शिलालेखाचे, शिलाहार राजांच्या काळातले. आम्ही ख्रिस्ती मुलेही लहानपणी तेथे खेळावयास जात असू व शिल्पे पाहत असू. त्या मंदिराच्या शिखराचा वरचा भाग नाही, मग कळस कोठून असणार. आणि गाभारा जमिनीच्या पातळीखाली आहे. वीसेक पायऱ्या उतरून जावे लागते. खाली पोहोचल्यावर मान वर केली की थेट आकाश दिसते. बाकीच्या मंदिरांत माणूस पायऱ्या चढून जातो. २००५ च्या पावसाळ्यानंतर, नदी पुन्हा आपल्या पात्रात गेल्यावर, मी एकदा एकटाच तेथे गेलो होतो. पायऱ्या ओल्या होत्या. पुजाऱ्याने जपून उतरा म्हणून सांगितले. फळ्यावरची शिडी फादरांनी वरून खाली काढली होती की खालून वर, ते आठवण्याचा मी बराच वेळ प्रयत्न केला.

२७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान पुराच्या पाण्यात महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली. एक हजाराहून अधिक प्रवासी होते, त्यांत नऊ गरोदर स्त्रिया. होड्यांनी सर्वांना सुखरूप बाहेर काढले, एकही जीव गेला नाही. दूरचित्रवाणीवर दिवसभर तेच चालले होते. पत्नीने तो पाण्यातला गाडीचा डबा पाहिला, काही न बोलता उठली, आणि आतून भांड्यांचा आवाज आला. मी जाऊन पाहिले. ती तांदळाचा डबा वरच्या फळीवर ठेवीत होती. आम्ही आता तिसऱ्या मजल्यावर राहतो.

जुने कागद आवरताना चाळीस प्रतींपैकी एक गेल्या वर्षी सापडली. स्टेन्सिलची शाई तपकिरी झाली आहे. चुकीच्या शब्दावर फादरांनी लाल पेन्सिलीने बारीक खूण केलेली आहे, पण तो खोडलेला नाही. नातीने विचारले, आजोबा, हे काय लिहिलंय? मी तिला किस्सा सांगावयास सुरुवात केली, अगदी पहिल्यापासून, कंदिलापासून. ती मावशीच्या पुस्तिकेपर्यंत येऊन हसू लागली, तेव्हा स्वयंपाकघरातून पत्नीचा आवाज आला, "पत्रा कोणी बडवला होता, तेही सांगा तिला."

पत्रा मीच बडवला होता.